नळाशेजारचा खिळा

४ मार्च

प्रिय शतांशराव,

फोनवर तू नुसतं 'हं' म्हणतोस. होकाराचं हं, नकाराचं हं आणि क्रिकेट चालू असतानाचं हं, तिन्ही मला सारखीच ऐकू येतात. म्हणून हा विषय कागदावर काढतेय. 'हं' लिहून त्यावर तिकीट चिकटवायला तुझाही हात धजावणार नाही.

विषय आहे तुझी लग्नाची अंगठी. माझी तू आठ मिनिटांत पसंत केलीस, त्यातली पाच मिनिटं सोनारकाकांचा तराजू बरोबर आहे का ते बघण्यात घालवलीस. तुझी मी निवडणार आणि सावकाश निवडणार. काल कामावरून सुटल्यावर तासभर त्यांच्या दुकानात बसून होते. एक बघितली ती चांगली जाड, चपटी, थेट बोल्टवरच्या नटासारखी. तुझ्यातला लेथ चालवणारा टर्नर तिच्यावर भाळला असता. दुसरीत खड्यांची रांग होती, ती घालून तू लिलाव पुकारशील असं वाटलं. तिसरी साधी, कडा गोल केलेल्या, आतून किंचित फुगीर, बोटावरून अशी सरकते की कळतसुद्धा नाही. पुस्तक बांधून झालं की लोक वरचं कापड बघतात, मी आतली शिवण बघते. मला तिसरी आवडली. रुंदी चार मिलिमीटर घ्यायची की पाच, ते तू सांग.

सोबत कागदाची पट्टी आहे. डाव्या हाताच्या अनामिकेभोवती गुंडाळ, खूण कर, परत पाठव.

रविवारी तुमच्याकडे छान वाटलं. बाबा बोलत नाहीत, पण माझा कप रिकामा झालेला आधी त्यांनाच दिसला. आईंनी बाबांच्या तुटलेल्या बोटाची गोष्ट सांगितली, दार, वारा, धाडकन. दोनदा सांगितली, दोन्ही वेळा अगदी त्याच शब्दांत. आणि त्या कायम बाबांच्या उजव्या बाजूला बसतात, हे तुझ्या कधी लक्षात आलंय का? फाटकापर्यंत सोडायला आल्या तेव्हाही मध्येच बाजू बदलून उजवीकडे गेल्या. मला गंमत वाटली.

अठरा मेला अडीच महिने उरलेत. लवकर लिही.

तुझी
खळबाई
(हे नाव तूच ठेवलंस. हाताला बाइंडिंगच्या खळीचा वास येतो ही तक्रार लग्नानंतर ऐकून घेतली जाणार नाही.)


९ मार्च

प्रिय खळबाई,

पट्टी परत पाठवतोय, कोरीच. कागदाच्या पट्टीने माप घेतलं असं आमच्या खात्यात कळलं तर मला कॅन्टीनमध्ये तोंड दाखवता येणार नाही. व्हर्नियर कॅलिपरने घेतलं, तो शतांशापर्यंत मोजतो. अनामिका, डावी, बुडाशी : १८.६४. तीनदा घेतलं, तिन्ही वेळा तेच आलं. सोनारकाकांना सांग, दुसऱ्या दशांशावर शंका असेल तर विचारा, पहिल्यावर नको.

रुंदी कितीही चालेल.

म्हणजे खरं सांगायचं तर, अंगठी हवीच का? कारखान्यात तर बंदीच आहे, लेथवर अंगठी, घड्याळ, लांब बाही काही चालत नाही. फाटकाबाहेर घालायची म्हटलं तर मी ती हरवणार, मी छत्र्या किती हरवतो तुला ठाऊक आहे. घाम येतो. शिवाय अंगठी घातलेला पुरुष मला उगाच विमा विकायला आल्यासारखा वाटतो. त्यापेक्षा त्या पैशात तुझी नवी कटिंग प्रेस येईल. ती म्हातारी प्रेस आता कागद कापत नाही, चावते.

विचार कर.

तुझा
शतांश


१४ मार्च

प्रिय शतांशराव,

आधी तुझ्या १८.६४ची कहाणी ऐक. सोनारकाकांना चिठ्ठी दाखवली. त्यांनी चष्मा वर केला, मग खाली केला, मग पोट धरून हसले. म्हणाले, "मुली, तुझ्या नवऱ्याला सांग, बोट म्हणजे लोखंडाचा दांडा नाही. बुडाशी बसेल अशी केली तर ती सांध्यावरून जाणार कशी? बोट कापून बसवू का?" तुला तुझ्या दशांशांचा एवढा ताठा, आणि तू आपल्याच हाताला सांधा आहे हे विसरलास. दुकानातल्या दोन गिऱ्हाइकांनीही हसून घेतलं. मीही हसले, खोटं कशाला सांगू.

आता बाकीच्याचं. बंदी आहे तर काढून ठेव, तुझं कपाट आहे ना तिथे. छत्री बोटात घालत नाहीत म्हणून हरवते. घाम बूट घातल्यावरही येतो. आणि प्रेसची लालूच मला दाखवू नकोस, ती म्हातारी माझी आहे, चावली तर मला चावते.

हे हसण्यावारी नेलं खरं, पण तुझं पत्र चार वेळा वाचलं आणि चारही वेळा एकच जाणवलं. तू कारणं जमवतोयस. ज्याच्याकडे एक खरं कारण असतं तो चार सांगत बसत नाही.

मला सोन्याचं वेड नाही, तू अंगठी घातली नाहीस म्हणून माझं काही अडत नाही. अडतं ते वेगळंच. लग्नाआधी दोन महिने तू मला काहीतरी लपवून चार थापा पाठवल्यास, त्याही कच्च्या. हीच सवय घेऊन आपण एका घरात राहायला जाणार असू, तर अठरा मे पुढे ढकललेला बरा. मी रडायला बसलेली नाही, रागावलेलीही नाही. फक्त विचारतेय. नको म्हणतोस ते अंगठीला की मला?

सरळ लिही. एक ओळ पुरे.

तुझी
खळबाई


२१ मार्च

खळबाई,

अंगठीला.

तू म्हणतेस तसंच आहे, चारही थापा होत्या. खरं कारण एकच आहे, पण ते माझं नाही, घरातलं आहे, आणि मी दहा वर्षांचा असताना कुणाला सांगणार नाही असं कबूल केलंय. शब्द मोडून तुझ्याशी संसार सुरू केला तर तुला दिलेल्या शब्दाची तरी काय किंमत राहील?

लग्न मात्र माझं आहे. ते मला अठरा मेलाच करायचंय. पुढे ढकलू नकोस.

शतांश

सांध्यावरचं माप : २०.१०. हसलीस ते बरंच झालं.


२४ मार्च

आदरणीय आई,

नमस्कार. तुम्हाला पत्र लिहायची ही पहिलीच वेळ, त्यामुळे आडवळण न घेता लिहिते, नाहीतर माझं धैर्य पहिल्याच पानावर संपेल.

मी तुमच्या मुलासाठी अंगठी बघतेय आणि तो नको म्हणतोय. कारण विचारलं तर म्हणतो घरातलं आहे, सांगता येत नाही. त्याच्यावर माझा विश्वास आहे, पण माझं डोकं गप्प बसत नाही. माझा अंदाज असा की अंगठी तुम्हाला पसंत नाही. पुरुषाने दागिना घालू नये असं वाटतं का? की मी त्याच्यावर आतापासूनच हक्क गाजवतेय असं वाटलं? तसं असेल तर मोकळेपणाने सांगा, मला वाईट वाटणार नाही. वाटलं तरी थोडाच वेळ वाटेल. पण तुम्ही दोघं काहीतरी जाणता आणि मी बाहेर उभी, असं घर मला नकोय.

बाबांना नमस्कार. त्यांच्या त्या फाटलेल्या शब्दकोशाची शिवण उसवून पुन्हा घातली आहे, पुढच्या खेपेला घेऊन येते.

तुमची
होणारी सून


३० मार्च

प्रिय पोरी,

सरळ लिहिलंस, बरं केलंस. आमच्या घरात सगळे मोजूनमापून बोलतात, त्यामुळे बऱ्याच गोष्टी बोलायच्याच राहून जातात.

तो नको म्हणतोय ते माझ्यामुळेच, पण तू समजलीस तसं नाही. यांच्या बोटाची दाराची गोष्ट खोटी आहे. दार नाही, वारा नाही. यांचं बोट लेथमध्ये गेलं, अंगठीमुळे. आणि ती अंगठी माझ्यामुळे होती.

लग्न झालं तेव्हा मी एकवीस वर्षांची, कारखाना बाहेरूनसुद्धा पाहिलेला नव्हता. यांच्या बोटात अंगठी घातली आणि म्हटलं, ही कधी काढायची नाही, शपथ आहे. हे म्हणाले, नाही काढणार. लेथवर हात चालतो तिथे अंगठी म्हणजे काळ, हे मला कुणी सांगितलं नाही आणि यांनी चकार शब्द काढला नाही. बारा वर्षं यांनी शब्द पाळला. मग एक दिवस ती लेथच्या फिरत्या चकात अडकली. डॉक्टरांनी कापलेली अंगठी माझ्या हातात दिली, अजून बटणांच्या डब्यात आहे. माझीही मी त्याच दिवशी काढून त्याच डब्यात टाकली.

दवाखान्यातच यांनी दाराची गोष्ट रचली. म्हणाले, अंगठीचं नाव काढलं की लोक तुझ्याकडे बोट दाखवतील, त्यापेक्षा दार बरं, दाराला काही वाटत नाही. लेकाकडूनही वदवून घेतलं. अठरा वर्षं झाली. यांनी मला एका शब्दाने बोल लावला नाही. लावला असता तर मी भांडले तरी असते गं. न बोलणाऱ्या माणसाशी भांडायचं कसं?

त्या हाताकडे मला बघवत नाही, म्हणून मी कायम यांच्या उजवीकडे. तू पाहिलं असशीलच, तुझी नजर बारीक आहे.

लेकाच्या हातात रोज अंगठी दिसली की आईला रोज ते आठवणार, म्हणून तो नको म्हणतोय. पण माझ्या चुकीची शिक्षा तू का भोगावीस? घाल त्याला अंगठी. मी बघेन दुसरीकडे, मला सवय आहे. फक्त त्याच्याकडून माझ्यासारखी शपथ घेऊ नकोस.

हे पत्र टाकून आले की यांनाही सांगणार आहे, सुनेला खरं लिहिलं म्हणून. घराबाहेर गेलंय ते यांना दुसऱ्याकडून कळायला नको.

तुझी
आई


६ एप्रिल

चि. सूनबाई,

अनेक आशीर्वाद. मी पत्रं लिहीत नाही. शेवटचं पत्र पगारवाढीसाठी लिहिलं होतं, तेही फोरमनने फाडलं. तेव्हा चूकभूल सांभाळून घे.

तुला काय लिहिलं ते हिने जेवताना सांगितलं. बारा वर्षं शब्द पाळलात आणि बोट गमावलंत, असं म्हणाली आणि उठून ताटं आवरायला लागली. मी घास हातात धरून तसाच बसलो. हिच्या मनात हे असं आहे हे मला आजवर माहीत नव्हतं. ही काही बोलत नाही, तेव्हा मला वाटायचं विसरली असेल.

आता खरं सांगतो. तुला आधी सांगतो कारण तिला सांगायचा धीर होत नाही, तुझ्यावर जरा सराव करून बघतो.

मी शब्द पाळला नव्हता. लग्नानंतर कामावर गेलो त्या पहिल्याच दिवशी अंगठी काढली. टर्नर आहे मी, वेडा नाही. आमच्या खात्यात हात धुवायच्या नळाशेजारी एक खिळा आहे. सकाळी आल्याबरोबर अंगठी त्याच्यावर अडकवायची, संध्याकाळी भोंगा झाला की हात धुवून परत घालायची आणि मग घरी यायचं. बारा वर्षं हेच केलं. हिला वाटायचं मी कधी काढत नाही, आणि तिला तसं वाटतं याचा मला आनंद व्हायचा. म्हणून सांगितलं नाही.

त्या दिवशी भोंगा झाला होता. हात धुतले, अंगठी घातली, निघालो. दारातून मागे बघितलं तर माझीच लेथ चालू राहिलेली. बंद करायला गेलो आणि जाता जाता चकावरचा चुरा फडक्याने पुसायला गेलो. चालत्या चकावर. शिकाऊ पोरालाही मी हे करू दिलं नसतं. चूक संपूर्ण माझी. हिच्या शपथेचा तिच्याशी काडीचा संबंध नाही.

दवाखान्यात सांगणार होतो. पण सांगायचं म्हणजे रोज काढत होतो हेही सांगायचं. हाताचं बोट गेलं ते गेलं, त्यात हिचा माझ्यावरचा विश्वासही जायला नको, असं तेव्हा वाटलं. दार बरं वाटलं. मी तिला लोकांच्या बोलण्यापासून वाचवत होतो आणि ती घरात बसून स्वतःलाच बोलत होती.

आता अठरा वर्षांनी सांगितलं तर ती काय म्हणेल? सांगू की राहू देऊ? तू हुशार आहेस. तू सांगशील तसं करतो.

तुझा
बाबा


९ एप्रिल

बाबा,

आज सांगा. हे पत्र हातात पडेल त्या क्षणी, चहा टाकायच्या आधी. त्या रागावतील. रागावू द्या, त्यांना भांडायचंच आहे, अठरा वर्षं त्यांना त्यासाठी माणूस मिळालेला नाही.

माझ्यावर सराव उत्तम झाला. मी वाचताना रडले आणि एका ग्राहकाच्या पानावर थेंब पडला, ते पान मला आता वाळवत बसावं लागणार आहे.

तुमची
सून (आता 'होणारी' लिहायचा कंटाळा आला)


१७ एप्रिल

प्रिय खळबाई,

तू माझ्या घरात काय केलंस याची तुला कल्पना आहे का?

परवा कामावरून आलो. बाबा खुर्चीत, पुढ्यात तुझं पत्र, आणि आई ओट्याशी पाठमोरी. बाबांनी चहाचा घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. मी म्हटलं, "आई, साखर विसरलीस."

"विसरले नाही," आई म्हणाली. "घातली नाही."

मग मला सगळं कळलं. म्हणजे बाबांनी सांगितलं आणि आईने मध्येमध्ये दुरुस्त्या केल्या. जिथे ती नव्हतीच तिथल्या गोष्टीतही ती दुरुस्त्या करते, मला तेव्हाच वाटलं की सगळं ठीक होणार. रात्रीपर्यंत ती एकटीच बोलत होती. काय काय बाहेर निघालं म्हणून सांगू! बाबांनी आठ वर्षांपूर्वी विकलेली सायकलसुद्धा निघाली. बाबा नुसते 'हं' म्हणत होते. मी कुणावर गेलोय ते तुला आता कळलं असेल.

शेवटी ती थांबली आणि म्हणाली, "मला तो खिळा बघायचाय."

आज रविवार, कारखाना बंद. पहारेकऱ्याने बाबांना ओळखलं आणि आम्हाला आत सोडलं. आईने तीस वर्षांत पहिल्यांदा आत पाऊल टाकलं. पदर आवरून मशीनपासून चार हात लांब चालत होती. खिळा आहे, खळबाई. मी सहा वर्षं त्याच नळावर हात धुतोय आणि एकदाही तो माझ्या नजरेला पडला नाही. भिंतीला दर वेळी रंग दिला तेव्हा त्याच्यावरूनही दिलेला, खिळा कसला, एक हिरवी गाठ दिसते.

आई त्याच्याकडे बघत उभी राहिली. "रोज?"

"रोज," बाबा म्हणाले.

"बारा वर्षं?"

"सुट्ट्या सोडून."

"आणि रोज आठवणीने परत घालायचात?"

"एकदाही विसरलो नाही गं. एकदा विसरलो असतो तर बोट वाचलं असतं."

मला वाटलं आता ही कोसळणार. ती हसली. हसता हसता डोळ्याला पदर लावला आणि म्हणाली, "अहो, मला खोटं सांगायचं तर निदान चांगल्या कामासाठी सांगायचं होतं. मी तुमचं बोट खाल्लं असं समजून अठरा वर्षं काढली." बाबा म्हणाले, "चुकलं माझं." शब्द दोनच, पण एवढं मोठं वाक्य मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं.

परत येताना मी मागे राहिलो. ते दोघं नेहमीप्रमाणे निघाले, आई उजवीकडे. फाटकाबाहेर आल्यावर ती थांबली, मागून वळसा घालून डावीकडे गेली आणि तिने त्यांचा तो हात धरला. चार बोटांचा. घरापर्यंत सोडला नाही. रस्ता ओलांडतानासुद्धा नाही.

आता कामाचं. घरी आल्यावर आईने बटणांचा डबा पलंगावर ओतला आणि स्वतःची अंगठी शोधून काढली. ती आता सांध्यावरून जात नाही. (सोनारकाकांना हे सांगू नकोस, पुन्हा हसतील.) तिचं माप सोबत आहे, तेवढी मोठी करून आण. बाबांची कापलेली तशीच राहू दे, ते म्हणतात तिला बोटापेक्षा खिळ्याचीच सवय आहे.

आणि माझी तिसरी, साधी, आतून फुगीर, चार मिलिमीटर. माप २०.१०, वर थोडी ढिली ठेव, साबण न लावता निघाली पाहिजे. उद्या जाऊन त्या खिळ्यावरचा रंग खरवडून ठेवतो.

एक आत्ताच लिहून देतो, म्हणजे पुढे कुणाला पत्रं लिहावी लागणार नाहीत. मी ती रोज काढणार आहे. कपाटात वगैरे नाही, त्या खिळ्यावर, सकाळी आल्या आल्या, पहिलं काम म्हणून. आणि संध्याकाळी लेथ बंद आहे हे दोनदा बघून, फाटकाबाहेर आल्यावर घालणार आहे.

काढतो ते तुला आज सांगितलं. घालतो ते तुला रोज दारातच दिसेल.

तुझा
शतांश